९ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि आपलं सेटलमेंट

बाळीवेसकर (धागाकर्ता)

९ ऑगस्टला सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरला: 'याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी आदिवासींना हक्क बहाल केले.' सोलापुरात त्या दिवशी क्रांतिदिनाची गडबड, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार. आता आदिवासी दिनाचे फ्लेक्सही लागतात. लागू देत. पण बहाल वगैरे कुणी काही केलेलं नाही. ९ ऑगस्ट १९८२ ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या, आदिवासींच्या प्रश्नावरच्या एका कार्यगटाची पहिली बैठक भरली, एवढंच त्या दिवशी घडलं. हक्कांचा जाहीरनामा आला १३ सप्टेंबर २००७ ला. आणि १९८२ च्या त्या बैठकीआधी साठेक वर्षं लोक नुसतं दार ठोठावत होते.

पहिला ठोठावणारा डेस्काहे. कॅनडातल्या ग्रँड नदीकाठच्या हौडेनोसौनी लोकांचा म्होरक्या. बाहेरचे त्यांना इरोक्वॉय म्हणतात. हा माणूस १९२३ मध्ये आपल्याच राष्ट्राचा पासपोर्ट घेऊन जिनिव्हाला गेला, राष्ट्रसंघापुढे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) कैफियत मांडायला. म्हणणं असं की ब्रिटिश राजाशी आमचे करार बरोबरीच्या नात्यानं झालेत, तेव्हा कॅनडा आमच्यावर कायदे लादू शकत नाही. आयर्लंड, एस्टोनिया, पनामा आणि इराण यांनी त्याचं ऐकून घ्या म्हणून सुचवलं. ब्रिटननं चक्रं फिरवली आणि विषय पटलावर आलाच नाही. तो तिकडे असतानाच १९२४ मध्ये कॅनडानं त्यांची परंपरागत परिषद मोडून निवडणुकीची परिषद बसवली. १९२५ मध्ये तो गेला. घरी परतलाच नाही.

पुढची पायरी १९५७. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आदिवासींबाबतचा १०७ क्रमांकाचा करार. भारतानं तो १९५८ मध्येच मान्य केला. त्याचा सूर मात्र 'यांना हळूहळू बाकीच्या समाजात मिसळून टाका' असा. तो सूर बदलून १९८९ मध्ये १६९ क्रमांकाचा करार आला, त्यावर भारतानं आजवर सही केलेली नाही. आपल्या शेजारी फक्त नेपाळनं केली, २००७ मध्ये.

१९८२ च्या त्या कार्यगटाचं मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्याचं बसायचं धोरण. एरवी संयुक्त राष्ट्रांत बोलायचं तर सरकार तरी व्हा, नाहीतर मान्यताप्राप्त संस्था. या कार्यगटानं ही अट काढून टाकली. कुणीही आदिवासी प्रतिनिधी यावा, माइक घ्यावा, बोलावं. एरिका-इरीन दाएस या ग्रीक बाई वर्षानुवर्षं अध्यक्ष होत्या. जाहीरनाम्याचा मसुदा त्या खोलीत, सरकारी वकिलांच्या तोंडावर बोलत बोलत तयार झाला. आपल्याकडून झारखंडचे डॉ. रामदयाल मुंडा तिथे जात.

मग २००७ चं मतदान. बाजूनं १४४, तटस्थ ११, विरोधात ४: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ज्यांनी जमिनी घेतल्या नेमके तेच चौघे. पुढे २०१० पर्यंत चौघांनीही भूमिका बदलली.

भारत बाजूनं होता. आता माझा प्रश्न. आपला जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांत नाही, म्हणजे पेसा (तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) इथे लागू नाही. पण आपल्या गावात सेटलमेंट आहे. १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी अशा कितीतरी जमाती इथे तारेच्या आत कोंडल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक आज अनुसूचित जमातीत नाहीत, विमुक्त जातींत आहेत. मग जिनिव्हाचं हे दार त्यांच्यासाठी आहे की नाही?

सीनाकाठ

धागा छान. पण भारताच्या मताला एक शेपूट होतं ते लिहिलं नाहीत. आपल्या सरकारची भूमिका कार्यगटाच्या काळापासून एकच: स्वातंत्र्यानंतर भारतातली सगळीच प्रजा मूळची, इथे वसाहतवाले गोरे येऊन राहिले नाहीत, त्यामुळे हा जाहीरनामा आमच्या अनुसूचित जमातींना जसाच्या तसा लागू होत नाही. बाजूनं मत द्यायचं आणि घरात लागू नाही म्हणायचं, ही आपली जुनी हातोटी.

तरी सरकारचा मुद्दा अगदीच फालतू नाही. आपल्याकडे कोण आधी आला हा वाद काढला तर रस्त्यावर डोकी फुटतील.

कडकभाकरी

काय ओ, इथं तहसीलमध्ये दाखल्याला सहा महिने हेलपाटे, आणि तुम्ही जिनिव्हाला चाललाय. लोकांच्या पोटाचं बघा की आधी.

सेटलमेंटकर

कडकभाकरी, हेलपाटे आम्हीच घालतो म्हणून तर वाचतोय.

माझ्या आधार कार्डावर 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता आहे. पुण्यात एका कंपनीत मुलाखत छान झाली. कागद बघताना साहेब नुसतं म्हणाले, "सोलापूरचं सेटलमेंट म्हणजे ते तारेतलं ना?" नंतर फोन आला नाही. त्यानंतर मी मावशीच्या घरचा, जुळे सोलापूरचा पत्ता घालायला लागलो. आमच्या पिढीतल्या बऱ्याच पोरांनी हेच केलंय.

दाखल्याचं म्हणाल तर आमची गंमतच आहे. विमुक्त जातीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. पालावरच्या माणसाकडं कुठला कागद? पण आमच्या आजोबांचं नाव सेटलमेंटच्या शाळेच्या जनरल रजिस्टरला होतं, जातीसकट. त्याच्या उताऱ्यावर आमच्या अख्ख्या भावकीची पडताळणी झाली. ज्या इंग्रजानं कोंडलं त्याच्याच वहीनं तारलं. जे तारेत नव्हते, भटकत राहिले, त्यांच्या पोरांना अजून दाखला नाही.

बाळीवेसकर

@सेटलमेंटकर, हे वेगळा धागा काढून लिहाच.

@कडकभाकरी, रागावू नका, पण पोटाचं आणि हे वेगळं नाही. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, त्या तारखेला विमुक्त दिन करतात. मुंबई इलाख्यात तो त्याआधीच रद्द झाला होता. पण मागच्या दारानं 'सराईत गुन्हेगार' कायदा आला. आपल्याकडे १९५९ चा आहे. जमात गेली, 'सराईत' राहिला. पोलिसांच्या वहीतली घरं तीच.

जुनी_गिरणी

थोडा इतिहास, कारण इथे एक धागा फार मजेशीर जुळतो.

मुंबई इलाख्यात या वसाहतींचं काम उभं केलं ते स्टार्ट नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं, विजापूरपासून सुरुवात करून. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. सोलापूरच का? कारण इथे गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. सुधारणा, हजेरी आणि स्वस्त मजुरी एकाच तारेत. सुट्टीवर बाहेर पडायला पास, परत आल्यावर पुन्हा हजेरी.

आता पुढचं. १९२८ मध्ये मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिम जमातींची स्थिती तपासायला समिती नेमली. अध्यक्ष हेच स्टार्ट. सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. सोळंकी, ठक्करबाप्पा. १९३० च्या अहवालात मागासवर्गीयांचे तीन कप्पे पाडले: अस्पृश्य वर्ग, आदिम व डोंगरी जमाती, आणि इतर मागास. आज आपण ज्या कप्प्यांवरून भांडतो त्यांचा हा एक आराखडा, आणि तो आखणाऱ्या समितीचा अध्यक्ष सेटलमेंटवाला. गुन्हेगार ठरवलेल्यांना मात्र त्यात स्वतःचा कप्पा मिळाला नाही. पुढे राज्यघटनेत अनुसूचित जाती आल्या, अनुसूचित जमाती आल्या. विमुक्त राज्याराज्यांत विखुरले. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत, सोलापुरात विमुक्तात! फासेपारधी मात्र अनुसूचित जमातीत. एकाच तारेच्या आतले शेजारी, वेगवेगळ्या याद्यांत.

रेणके आयोगानं २००८ मध्ये आणि नंतर इदाते आयोगानं यावर बरंच लिहिलं. अहवाल धूळ खात आहेत, हे सांगायला नकोच.

मेंढरामागं

आम्ही धनगर. आमचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे, अनुसूचित जमातीच्या यादीतले 'धनगड' म्हणजे धनगरच का, हा वाद उच्च न्यायालयात २०२४ मध्ये आमच्या विरोधात गेला. ते इथे उकरत नाही.

मला सांगायचंय ते चराईचं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ ला जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा. कुणाला विचारलं नव्हतं. पुढे ते १,२२२ वर आणलं. मधल्या वर्षांत मेंढरं घेऊन गेलं की दंड, आणि जमीन विकायची तर परवानगी. माळढोक तरी राहिला का? तो गेलाच. माळरान तुटलं, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. मेंढरं होती तोवर तो होता, असं आमचे म्हातारे म्हणतात.

आता डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलंय की २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचा. त्या वाक्यात आदिवासी आणि स्थानिक समुदायांचे हक्क मानून, असं घातलंय. ते कुणी घातलं? तिथं जाऊन बसलेल्यांनी. नान्नजच्या वेळी आमच्यातलं कुणी कुठंच बसलेलं नव्हतं. आणि २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी चराऊ रानं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. त्यात 'आदिवासी आहात का' असा दाखला कुणी मागत नाही.

सीनाकाठ

@मेंढरामागं +१. वनहक्क कायद्यातही भटक्या आणि पशुपालक समाजाच्या हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे, कलम ३(१)(घ). किती जणांनी दावा केला? आमच्या तालुक्यात तरी ऐकलं नाही.

अवांतर: बाहेरच्या दाराचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगतो, ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा निकाल आठवा. १८ एप्रिल २०१३, सर्वोच्च न्यायालय म्हणालं ग्रामसभांना विचारा. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नको म्हणून ठराव केला. जाहीरनाम्याच्या कलम १९ मध्ये जी 'आधी विचारून, मोकळेपणानं, माहिती देऊन' संमती आहे तीच गोष्ट, पण आपल्या कायद्यातून. आपल्या गडचिरोलीतलं, आपलं जंगल स्वतः राखणारं मेंढा-लेखा गाव तर त्याहून आधीचं. जिनिव्हा नसती तरी हे झालं असतं.

बाळीवेसकर

झालं असतं की नाही माहीत नाही. वनहक्क कायदा २००६ चा, जाहीरनामा २००७ चा. दोन्हीकडे राबणारी माणसं एकमेकांना ओळखत होती, वाद एकच होता. कुणी कुणाला जन्म दिला हे ठरवायची गरज नाही.

कोळी_पंढरपूर

जाहीरनाम्याचं कलम ३३ वाचा सगळ्यांनी. स्वतःची ओळख आपल्या चालीरीतींप्रमाणे ठरवायचा हक्क आहे. आणि इथे अनुसूचित जमातीच्या दाखल्याला आम्हाला ६ सप्टेंबर १९५० आधीचा कागद आणा म्हणतात, वर आत्मीयता चाचणी: देव कुठला, लग्नात काय करता, शिव्या कुठल्या देता. समितीतला माणूस ठरवणार आम्ही कोण! हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरोधात नाही का?

सीनाकाठ

साहेब, जाहीरनामा हा करार नाही. न्यायालयात तो बंधनकारक म्हणून चालणार नाही. आणि आदिवासी भागातल्या संघटना नेमक्या याच कारणासाठी ओरडतात की बाहेरचे लोक दाखले काढून त्यांच्या जागा घेतात. त्यांचंही ऐकाल की नाही?

बाळीवेसकर

दोघांचंही अर्धं बरोबर. कलम ३३ त्या लोकांबद्दल आहे जे आपसांत ठरवतात आपल्यातला कोण. सरकारी यादीतली जागा त्यातून मिळत नाही. ते कलम घेऊन पडताळणी समितीपुढे जाऊ नका, हसतील. पण तुमचा देव कुठला असं परक्यानं विचारून जमात ठरवणं ही पद्धत वासाहतिक आहे, यात मला शंका नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण उत्तर माझ्याकडे आहे आणि मुद्दाम थांबलो होतो. जिनिव्हात एकच दार नाही. वंशभेद निर्मूलनाचा एक करार आहे, भारतानं तो १९६८ मध्ये मान्य केला. त्याच्या समितीनं २००७ मध्ये भारताची तपासणी केली, तेव्हा विमुक्त आणि भटक्या जमातींचं नाव घेऊन लिहिलं: १८७१ च्या कायद्याचा कलंक सराईत गुन्हेगार कायद्यातून चालूच आहे, तो कायदा रद्द करा, या लोकांचं पुनर्वसन करा. म्हणजे आपलं सेटलमेंट ज्या कायद्यानं उभं राहिलं तो जिनिव्हाच्या कागदावर आहे. आदिवासी म्हणून नाही, वंशावरून भेदभाव झालेले म्हणून.

सीनाकाठ

आणि भारतानं ते मानलं नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे सरकारचं उत्तर २००१ च्या डर्बनमधल्या वंशभेदविरोधी परिषदेपासून पाठ आहे. मग उपयोग काय?

बाळीवेसकर

उपयोग लगेच दिसत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंग नियमावल्यांतला जातिभेद रद्द केला. एका पत्रकार बाईंनी याचिका केली होती. सफाईचं काम कुणाला, स्वयंपाक कुणाला, हे जातीवरून ठरत होतं. त्या निकालात विमुक्त जमातींना 'सराईत' समजण्यावर न्यायालय सविस्तर बोललं, आणि राज्यांनी या कायद्यांचा फेरविचार करावा असंही सुचवलं. जे जिनिव्हाच्या समितीनं त्याच्या १७ वर्षं आधी लिहिलं तेच. मी असं म्हणत नाही की त्यामुळे झालं. मी म्हणतो, कुणीतरी २००७ च्या आधी कागद घेऊन तिथे गेलं म्हणूनच ते वाक्य तिथे आलं. समितीला कैकाडी कोण हे आपोआप कळत नाही.

हिप्परगा

मी एका संस्थेत कारकुनी करते, अशा अर्जांची थोडी माहिती आहे म्हणून लिहिते.

न्यूयॉर्कला आदिवासी प्रश्नांचा स्थायी मंच आहे, २००० साली स्थापन झाला. १६ सदस्य, आठ सरकारांनी सुचवलेले, आठ आदिवासी संघटनांनी. सात प्रदेश केलेत आणि अख्ख्या आशियाला एक जागा, कधीमधी फिरती दुसरी. अधिवेशनात बोलायला साधारण तीन मिनिटं. ऐन वेळी यादी लांबली की तीही कापतात. व्हिसा, विमान, हॉटेल धरून लाखांत जातं. संयुक्त राष्ट्रांचा १९८५ पासूनचा एक स्वेच्छा निधी काही जणांचा खर्च उचलतो. गंमत म्हणजे नॉर्वेतल्या सामी लोकांची निवडून आलेली संसद आहे, तिलाही बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवी संस्थेच्या खुर्चीत बसावं लागतं. डेस्काहेच्या नातवंडांची तीच कथा. २०१० मध्ये त्यांचा लॅक्रॉसचा संघ स्वतःच्या पासपोर्टवर इंग्लंडला निघाला, ब्रिटननं व्हिसा दिला नाही, स्पर्धा हुकली.

तुमच्यासाठी मला तो मंच सुचवावासा वाटत नाही. आधी 'तुम्ही आदिवासी कसे' यावरच आपलंच सरकार आणि आपलीच माणसं भांडतील. त्यापेक्षा यूपीआर बघा. संयुक्त राष्ट्रांत दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा आढावा होतो, तोच हा. त्याला लेखी निवेदन द्यायला मान्यता लागत नाही, तिकडे जावंही लागत नाही. भारताचा मागचा आढावा नोव्हेंबर २०२२ ला झाला, पुढचा आता फार लांब नाही. कागद ऑनलाइन जातो. इंग्रजीत करावा लागेल. एका संस्थेला २,८१५ शब्द, अनेकांनी मिळून दिलं तर ५,६३०. मर्यादा ओलांडली तर विचारात घेत नाहीत, म्हणून पाल्हाळ नको. कुठला कायदा, कुठलं कलम, काय घडलं, काय मागणी.

कडकभाकरी

हे आधी सांगायचं की ओ ताई. घरबसल्या होत असेल तर माझी ना नाही.

जुनी_गिरणी

निवेदनात पुरावा म्हणून सेटलमेंटच्या शाळेची रजिस्टरं, हजेरीच्या नोंदी हे सगळं जपायला हवं. काही वह्या रद्दीत गेल्याचं ऐकतो. ज्यांच्या घरी उतारे आहेत त्यांनी निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कोळी_पंढरपूर

यात आमचं बसेल का?

हिप्परगा

वेगळं द्या. 'सराईत'चा मुद्दा तुमचा नाही, पडताळणीचा मुद्दा त्यांचा वेगळा आहे. मिसळलंत तर दोन्ही पातळ होतील.

सेटलमेंटकर

रात्री आमच्या पोरांना वाचून दाखवलं. पहिला प्रश्न आला, यात पत्त्याचं लिहायचं का. मी म्हटलं, लिहायचं. दुसरा प्रश्न, पोलीस चौकीचं लिहायचं का, आणि लिहिलं तर सही कुणाची. त्यावर सगळे गप्प. हिप्परगाताई, नाव गुप्त ठेवता येतं का?

हिप्परगा

व्यक्तीची नावं निवेदनात घालूच नका, घटना आणि साल पुरे. संस्थेचं नाव मात्र छापून येतं. त्यामुळे नोंदणीकृत मंडळ असेल तर त्याच्या नावानं द्या, एकट्यादुकट्यानं नको.

सेटलमेंटकर

मंडळं दोन आहेत, कैकाड्यांचं एक आणि पारध्यांचं एक, आणि गणपतीपासून बोलणं बंद आहे. पण २,८१५ मध्ये कुणाचंच नीट बसत नाही आणि मिळून दिलं तर ५,६३० मिळतात म्हणताय. रविवारी दोन्ही अध्यक्षांना एका टपरीवर बसवतो. चहा मी पाजतो, शब्द त्यांनी वाटून घ्यावेत.